उजव्या बरगडीखाली

३ नोव्हेंबर, सोमवार

आज सकाळी, तीन नंबरच्या पडद्याआड, तिनं माझ्या उजव्या बरगडीखाली बोटं ठेवली आणि म्हणाली — "लागतंय."

संपलं. त्या क्षणानंतर मी पूर्वीचा राहिलो नाही. कॉलेज सोडलं त्या दिवशीही एवढं काही झालं नव्हतं. त्या दिवशी फक्त भूक लागली होती.

नीट लिहून ठेवतो, नाहीतर चार दिवसांनी माझं मलाच कळायचं नाही. मी नकली पेशंट आहे. मावशी डॉक्टरकीच्या कॉलेजच्या ऑफिसात आहे, तिनं चिकटवलं. "सरांशी हुज्जत घालून दुसऱ्या वर्षातून घरी आलास. निदान इथे आडवा पडून चार पैसे तरी मिळव." काम म्हणजे हिरवा झगा घालून खाटेवर पडायचं, कागदावर दिलेलं दुखणं पाठ करायचं आणि परीक्षेला आलेल्या पोरांना तोंडपाठ सांगायचं. माझ्या वाट्याला लिव्हर आलंय. वय अठ्ठेचाळीस, धंदा ट्रकदुरुस्ती, अठरा वर्षं दारू, भूक मेलेली, अंगाला खाज, बरगडीखाली जड जड. मी एकवीस वर्षांचा आहे आणि दारूच्या नुसत्या वासानं मला शिंका येतात. पण कागदावर अठ्ठेचाळीस म्हणजे अठ्ठेचाळीस. त्यामुळे सगळी पोरं मला 'काका' म्हणतात. तीसुद्धा!

यातली मेख अशी. दुखणं फक्त तोंडी. झग्याखालचं शरीर ठणठणीत. परीक्षा घेणाऱ्या मोठ्या मॅडमचा दंडकच आहे — पेशंट सांगेल ते सगळं ऐका, पण हाताला लागेल तेवढंच सांगा. गोष्ट लिव्हरची असली तरी हाताला लिव्हर लागलं नाही, तर 'लागलं नाही' म्हणा.

आणि ती म्हणाली, लागतंय.

ती डावरी. लिहिते डाव्या हातानं, पेन फिरवते डाव्या हातानं, पण पेशंट तपासायचा उजव्याच हातानं असा नियम. हॉलमध्ये एसी असा की मुडदे टिकावेत. तिची बोटं बर्फ. "काका, पोट सैल सोडा. आता मोठा श्वास घ्या." आता पोट सैल कसं सोडणार? दोन पावलांवर तो 'कडक इस्त्री' उभा होता — तिच्याच वर्गातला, ज्याच्या पांढऱ्या कोटाच्या कडेनं कागद कापता येईल. मी श्वास घेतला. घेतला म्हणजे काय — छाती थेट छताला! मरतुकड्या झग्यातही माणूस कळला पाहिजे.

"लागतंय," ती म्हणाली. मोठ्या मॅडम पडदा सारून आत आल्या.

"काय लागतंय?"

"लिव्हर, मॅडम. दोन बोटं खाली."

"याला?" बाबा घासलेल्या टायरकडे बघतात तसं मॅडमनी माझ्याकडे बघितलं. "या पोराला कामावर घेताना मी स्वतः तपासलाय. घोडा आहे."

"लागलं, मॅडम."

"लागलं, की लागावंसं वाटलं?"

"लागलं."

मग मॅडमनी स्वतः हात घातला. माझा तर घाबरून सगळा श्वास निघून गेला होता, पोट पाठीला टेकलेलं. मॅडमनी इकडे दाबलं, तिकडे दाबलं. "काही नाही." मग तिच्याकडे वळून, अगदी हळू — हळू बोलल्या तेच वाईट — "चुकणारा डॉक्टर मी शिकवून सुधारीन. न लागलेलं लागलं म्हणणारा मला नको."

अठरा तारखेला चौकशी समिती बसणार. तिचं म्हणणं खोटं ठरलं तर वर्ष गेलं, आणि नावापुढे कायमचं 'खोटी नोंद'.

४ नोव्हेंबर, मंगळवार

विचार केला. सरळ हिशेब आहे. मॅडम बरोबर असतील तर ती खोटारडी. ती बरोबर असेल तर माझं लिव्हर वाढलंय.

म्हणजे मला लिव्हरचा आजार असलाच पाहिजे. देवा, एवढं कर.

५ नोव्हेंबर, बुधवार

आरशात डोळे बघितले. पांढरेशुभ्र. जीभ गुलाबी. नशीबच फुटकं.

मावशीकडून वाचनालयातलं जाडजूड पुस्तक आणवलं. लिव्हर बिघडलं की डोळे पिवळे, लघवी चहासारखी, पाय सुजतात, पोटात पाणी होतं, तळहात लाल पडतात. तळहात बघितले — लाल! आनंदानं ओरडलो. आई स्वयंपाकघरातून धावत आली. "काय झालं?"

"तळहात लाल आहेत."

"सकाळपासून बाबांच्या दुकानात टायर घासतोयस, लाल नाही तर काय जांभळे होणार?"

तरी तिनं टॉर्च आणला, माझी पापणी खाली ओढली, दुसरी ओढली. मग म्हणाली, "काळजाला घोर लावलास हं माझ्या." मी म्हटलं, आई, काळीज म्हणजे लिव्हरच! घोर अगदी योग्य जागी लागलाय. तिनं टॉर्चनंच टपली मारली.

बाबा जेवताना म्हणाले, "लिव्हर कशाला तपासता, वरचा मजला तपासा." आमच्या घरात माझ्याबद्दल बोलायचं तर ते भिंतीशी बोलतात.

पुस्तकात अजून एक भयंकर गोष्ट. दारू न पिणाऱ्यांचं लिव्हरही बिघडतं. नुसतं बसून, गोडधोड खाऊन, वजन वाढवून त्यावर चरबी साठते. कावीळ विषाणूंनीही होते, त्यातल्या काहींची लस असते. म्हणजे मला संधी आहे! हे वाक्य पुन्हा वाचलं आणि जरा विचित्र वाटलं. पण खोडत नाही.

६ नोव्हेंबर, गुरुवार

आज तिला गाठलं. मॉडेलच्या खोलीत.

ही खोली म्हणजे हॉलच्या मागचं गोदाम. रबराची धडं ओळीनं उभी, मुंडकी नाहीत, पोटाची झाकणं उघडी. एका कपाटात नुसते हात. कोपऱ्यात एक प्लास्टिकचा सांगाडा, त्याच्या डोक्यावर शिपायाची टोपी. ती स्टुलावर बसून एका धडातून अवयव काढून परत बसवत होती. पाठांतर चाललं होतं.

म्हटलं, "मला परत तपासता का?"

"नको, काका."

"काका नका म्हणू. परीक्षा संपली."

"सवय झाली," ती म्हणाली आणि हसली. पण हसू लगेच आवरलं. "खरंच नको. विषय सोडा ना तो."

"कसा सोडू? माझं लिव्हर आहे."

"तुम्हाला काहीही झालेलं नाही."

किती मोठ्या मनाची आहे! स्वतःचं वर्ष बुडतंय आणि धीर मला देतेय. मी छातीवर हात ठेवून म्हणालो, "मला सगळं खरं सांगा. मी ऐकू शकतो." तिनं माझ्याकडे इतका वेळ बघितलं की माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. मग तिनं हातातलं प्लास्टिकचं लिव्हर माझ्या हातात दिलं. तपकिरी, तिरकं, चांगलं जड.

"लिव्हर फार सोशिक असतं," ती म्हणाली. "शरीरभर राबतं. अन्नातलं साठवतं, पित्त करतं, विष निवडून काढतं. अर्ध्याहून जास्त बिघडेपर्यंत कधीकधी चकार शब्द काढत नाही. आणि वेळेवर त्रास थांबवला तर पुष्कळदा परत भरूनही येतं."

"आमच्या आईसारखं."

यावेळी नीट हसली. मी जिंकलो! मग तिला विषय बदलायचा होता म्हणून असेल, तिनं कपाटातून एक बाटली काढली. पाण्याची साधी प्लास्टिकची बाटली, बूड कापलेलं, बुडाला फुग्याचं रबर ताणून बसवलेलं, आणि आत, तोंडाला बांधलेले दोन छोटे फुगे.

"ही फुफ्फुसं. यांना स्वतःचे स्नायू नाहीत. बिचारी स्वतःहून काहीच करू शकत नाहीत. आता खालचं रबर ओढा."

ओढलं. फुगे आपोआप फुगले.

"मी तर फुंकर मारलीच नाही."

"तेच तर. खालचा पडदा खाली गेला की छातीत जागा होते, आणि हवा आपणहून आत येते. सोडताना तर काही करायचंच नाही. पडदा सैल सोडला की झालं. एकेक फुफ्फुस म्हणजे कोट्यवधी इवलाल्या पिशव्या. भिंत इतकी पातळ की पलीकडून जाणारं रक्त प्राणवायू उचलतं आणि नको ती हवा देऊन टाकतं. उजव्याला तीन भाग, डाव्याला दोन."

"डाव्याला कमी का?"

"हृदयाला जागा नको द्यायला?"

माझं फुफ्फुस तिथेच बंद पडलं. मी रबर ओढत बसलो, सोडत बसलो. ती निघून गेल्यावरही. शिपाई येऊन म्हणाला, "साहेब, फाटेल ते."

८ नोव्हेंबर, शनिवार

बाबांशी भांडण. फुफ्फुसांवरून!

मी सहज म्हणालो, हवा आत ढकलावी लागत नाही, जागा केली की येते. बाबा ट्यूब पाण्याच्या टबात बुडवून बुडबुडे शोधत होते. मान वर न करता म्हणाले, "तीस वर्षं ट्यूबा फुगवतोय. पंप मारल्याशिवाय एकही फुगली नाही."

"बाबा, शरीरात पंप नसतो. पडदा असतो. तो खाली सरकतो."

"आणि हवा काय पाहुणी आहे? दार उघडलं की आली?"

"हो! तसंच आहे!"

"मग कॉम्प्रेसर विकून टाकतो. गिऱ्हाइकाला सांगतो, गाडीच्या चाकात जागा करा, हवा आपणहून येईल."

गिऱ्हाईक म्हणालं, "माझ्या चाकाचं काय करताय?"

माझं डोकं फिरलं. टेबलावर चढलो आणि शर्ट वर करून श्वास कसा जातो ते दाखवलं. रस्त्यावर पाच-सहा जण थांबले. एक बाई म्हणाली, "अहो, मुलाला बसवा, चक्कर येतेय त्याला." बाबा शेवटी भिंतीला म्हणाले, "उतरायला सांगा. टेबल हलतंय."

पण जेवताना मी बघितलं — बाबांनी एक हात पोटावर ठेवला होता आणि हळूहळू श्वास घेत होते. मी बघतोय म्हटल्यावर हात काढला.

९ नोव्हेंबर, रविवार

डावरी सुट्टीला कुठे असते कोण जाणे. दिवस संपत नाही. खाज सुटली होती, पण तो डास निघाला.

११ नोव्हेंबर, मंगळवार

सोनोग्राफी केली. मावशीनं ओळखीनं घुसवलं, नाहीतर महिनाभर नंबर लागत नाही.

अंधारी खोली, पोटावर गार गार चिकट मलम, आणि एक पोक्त डॉक्टर, ज्यांना पडद्याशिवाय कशातच रस नव्हता. "मोठा श्वास घ्या. धरा. सोडा." मीही मान वळवून पडद्यावर बघत होतो. राखाडी ढगासारखं काहीतरी. श्वास घेतला की ते सगळं खाली सरकायचं, सोडला की वर. लिफ्टसारखं.

"लिव्हर झकास," डॉक्टर म्हणाले.

"नीट बघा ना, डॉक्टर."

"नीटच बघतोय."

"एखादा कोपरा? थोडं तरी वाढलेलं?"

त्यांनी पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे बघितलं. "तुम्हाला वाढलेलं हवंय का?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते समजले आनंदानं आलं. पाठीवर थाप मारून म्हणाले, "होतं असं. पुष्कळ जण रडतात. जा, देवाचे आभार माना."

कसले आभार! म्हणजे मॅडम खऱ्या. ती खोटी. छे. शक्यच नाही. तिनं इतकं ठाम सांगितलं होतं — लागलं. दोनदा. ती बोटं खोटं बोलणार नाहीत.

जेवलो नाही. आई म्हणाली, "रिपोर्ट चांगला आला म्हणून उपास करणारा पहिलाच तू."

१२ नोव्हेंबर, बुधवार

सापडलं!!

सकाळी न्हाणीघरात, आरशासमोर. कालची ती लिफ्ट डोक्यातून जात नव्हती. उजव्या बरगडीखाली बोटं ठेवली, साधा श्वास घेतला. काही नाही. मग त्या सोमवारसारखा घेतला — इस्त्री शेजारी उभा असल्यासारखा, छाती छताला लावून, आणि वर धरून ठेवला. बोटांना काहीतरी येऊन टेकलं. मऊ, गोलसर कड. श्वास सोडला, गेलं. घेतला, आलं!

बाटली आठवली. पडदा खाली ओढला की वर फुगे फुगतात. पण पडद्याखाली काय असतं? उजवीकडे, पडद्याला अगदी चिकटून? लिव्हर! मी छाती इतकी फुगवली होती की फुफ्फुसांनी पडदा खाली लोटला आणि पडद्यानं लिव्हर. लिव्हर वाढलं नव्हतं, त्याला वरच्या मजल्यावरून धक्का मारला होता. ते आपलं मुकाट्यानं दोन बोटं खाली येऊन बसलं, तिच्या बोटांना भेटायला. आणि मॅडमनी हात घातला तेव्हा घाबरून मी रिकामा झालो होतो, म्हणून ते परत वर!

दोघीही खऱ्या. खोटा फक्त मी. माझ्या छातीनं तिचं वर्ष धोक्यात घातलं.

मी न्हाणीघरातून ओलाच बाहेर आलो आणि आईला म्हणालो, "आई, हात दे, लिव्हर बघ." आई म्हणाली, "आधी टॉवेल घे."

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

तिला सांगितलं. कँटीनमध्ये, चहा गार होईपर्यंत. कागदी कपावर पडदा काढून दाखवला, लिव्हर काढलं, बाण काढले. ती ऐकत होती.  मला वाटलं होतं टाळ्या वाजवेल. तिचा चेहरा उतरत उतरत गेला.

"तुम्ही मुद्दाम छाती फुगवली होतीत?"

"मुद्दाम म्हणजे... सहजच."

"का?"

आता इथे माणसानं बोलायचं असतं. इतक्या दिवसांत मनात वाक्यं रचली होती, एकापेक्षा एक. तोंडातून आलं — "पोश्चर सुधारायचं होतं."

"हे समितीपुढे सांगू नका," ती म्हणाली. "तुमची नोकरी जाईल. लोक हसतील."

"हसू देत."

"मी सांगते म्हणून तरी सांगू नका. प्लीज."

माझी अब्रू वाचावी म्हणून स्वतःचं वर्ष घालवायला तयार! अशी मुलगी असते कुठे? मी म्हणालो, "तुम्ही काळजी करू नका, मी बघतो काय ते." तिनं कपाळाला हात लावला. उठून गेली. चहा तसाच. तिचा तो कप मी — नाही, हे लिहीत नाही.

जिन्यात इस्त्री भेटला. म्हणाला, "काय काका, ऐकलं सोनोग्राफी केली. दारू सोडा आता." त्याच्या कोटाची कॉलर मुठीत धरायला हात शिवशिवत होते. पण मावशी वरून बघत होती. म्हणून फक्त म्हणालो, "कोट छान आहे. आत कुणी राहतं का?"

१५ नोव्हेंबर, शनिवार

तालीम. समितीपुढे हमखास लागलं पाहिजे, नाहीतर माझं हसं आणि तिचं नुकसान. दर वेळी नेमकं यावं लागेल. आईनं हात लावला तर तिला गुदगुल्या होतात — तिला, मला नाही! मावशी म्हणते, "मी हिशेबातली बाई, मला लिव्हर-बिव्हर कळत नाही."

शेवटी दुकानात गेलो. म्हटलं, "बाबा, हात द्या."

बाबा भिंतीकडे वळणार होते. पण दुकानाला तिकडच्या बाजूला भिंत नाही, टायर आहेत. मग माझ्याकडेच बघितलं. "कशाला?"

सगळं सांगितलं. तिचं सोडून. म्हणजे तिच्याविषयी जे आहे ते सोडून. बाबांनी हात फडक्याला पुसले, तरी काळेच राहिले. मी रिकाम्या टायरांच्या चळतीवर आडवा झालो. त्यांनी बोटं ठेवली. लहानपणी ताप बघायला कपाळाला लावायचे, त्यानंतर बहुतेक आजच.

"घे."

घेतला.

"लागतंय की रे," बाबा म्हणाले. आवाज एकदम वेगळाच. "सोड. गेलं. घे पाहू परत... आलं. अरे वा." दहा-बारा वेळा करायला लावलं. गिऱ्हाईक आलं तर म्हणाले, "थांबा जरा, मुलाचं लिव्हर बघतोय."

मग मी उठून शर्ट घालत होतो, तेव्हा ते ट्यूब पाण्यात बुडवत म्हणाले, "कोण आहे?"

"कोण म्हणजे?"

"एवढी छाती माणूस समितीसाठी फुगवत नाही."

मी शर्टाची बटणं चुकीच्या काजात लावली.  बाबा बुडबुडे बघताना हसत होते.

१७ नोव्हेंबर, सोमवार

उद्या. शर्ट धुऊन इस्त्री केला. (इस्त्री! पण इलाज नाही.) पोटभर जेवलो नाही, पोट भरलेलं असलं तर बोटांना नीट कळत नाही असं पुस्तकात आहे.

१८ नोव्हेंबर, मंगळवार. दुपार, समितीच्या खोलीबाहेरच्या बाकावर

वही मांडीवर धरून लिहितोय. अक्षर लागलं तर नशीब.

आत लांब टेबल. मधे मोठ्या मॅडम, एका बाजूला टकले सर, दुसऱ्या बाजूला एक वयस्क सर, ज्यांचे डोळे मिटलेले होते पण प्रश्न बरोबर विचारत होते. ती खिडकीपाशी खुर्चीत, दोन्ही हात मांडीवर. मला बघितलं आणि मान नाही नाही हलवली. मी मान हो हो हलवली.

"तुम्हाला कुणी बोलावलं?" मॅडम म्हणाल्या.

"माझ्या लिव्हरबद्दल निवेदन आहे."

टकल्या सरांनी पाण्याचा घोट घेतला होता, तो जरा चुकीच्या नळीत गेला. (श्वासाची नळी पुढे, अन्नाची मागे. वर एक झाकण असतं. आता मला सगळं येतं.)

सांगितलं. बाटली, पडदा, लिफ्ट, सगळं. मॅडम ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "छाती का फुगवलीत?"

"दिसावी म्हणून."

"कुणाला?"

पंख्याचा आवाज किती मोठा येतो त्या खोलीत. मी छताकडे बघून म्हणालो, "एकंदरीत."

डोळे मिटलेले सर म्हणाले, "एकंदरीत कुणी छाती फुगवत नाही हो." टकले सर टेबलाखाली पेन शोधायला वाकले ते बराच वेळ वर आले नाहीत. माझे कान पेटले होते. उभं आयुष्य समोरून निघून गेलं, फार मोठं नव्हतं. मी म्हणालो, "ज्यांचं वर्ष जाणार आहे त्यांना. त्यांची यात काही चूक नाही. त्यांना माहीतही नाही." आणि शर्ट काढून सरळ टेबलावर आडवा झालो. फायली सरकवून.

मॅडम उठल्या. बोटं ठेवली.

"घ्या. — सोडा. — परत घ्या, धरा."

मी धरला. इतका धरला की पंखे दोन दिसायला लागले.

"लागतंय," मॅडम म्हणाल्या.

मग टकल्या सरांनाही बघायचं होतं. मग डोळे मिटलेल्या सरांनी डोळे उघडले आणि त्यांनीही बघितलं. मॅडमनी माझ्या छातीवर बोट आडवं ठेवून वरून खाली ठोकत आणलं. टक टक पोकळ आवाज, मग एकदम भरीव. "लिव्हरची वरची कडही खाली आलीय. म्हणजे आकार तेवढाच, जागा बदललीय. हे ठोकून बघितलं असतं तर कळलं असतं. ती चूक." मग हात काढून म्हणाल्या, "पण चूकच. खोटं नाही."

आता चहाची सुट्टी आहे. नंतर निकाल सांगायला आम्हाला परत बोलावणार. बाहेर तिचा सगळा वर्ग जमलाय, इस्त्रीसकट. ती आतच बसून आहे. एकदाही माझ्याकडे बघितलं नाही. लाजली असेल. मी तिला खरंच वाचवलं!

तोच दिवस, संध्याकाळ

परत आत बोलावलं. मॅडम उभ्या होत्या. तिला म्हणाल्या, "मी सगळ्यांदेखत तुला खोटं ठरवलं. ते शब्द मी मागे घेते. मला माफ —"

"नका, मॅडम," ती म्हणाली. "यांचं खरं आहे. नीट दाबलं असतं तर लागलं असतं. मला लागलं नव्हतं. बोटं थिजली होती, वेळ संपल्याची घंटा होणार होती आणि गोष्ट लिव्हरची होती. म्हणून मी 'लागतंय' म्हणून टाकलं."

दोन आठवडे मी मरत होतो! तोंडाशी शब्द आले, चांगले धारदार. ती उभी होती, डाव्या हातानं खुर्चीची पाठ धरून, बोटं पांढरी. रडत नव्हती. "अजून सांगायचंय," म्हणाली, आणि आवाज फाटला. माझ्यामागे दार अर्धं उघडं होतं, आणि त्या फटीत इस्त्री आणि सगळा वर्ग, मानेवर मान.

गडबडीत मी अजून शर्ट घातलाच नव्हता, हातातच होता. तो खांद्यावर टाकला, बाहेर आलो, त्यांना मागे लोटलं आणि दार लावून घेतलं.